लायपेज टिकवायला आयनिक लिक्विड वापरू का?

ॲसिटोन या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) तुमचं लायपेज, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम, मरतंय, म्हणून ‘ग्रीन’ म्हणून नावाजलेलं आयनिक लिक्विड घेतलं तर ते टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. टिकू शकेल, पण त्यातला ऋणायन (ऋण भाराचा कण) कोणता आहे ते आधी बघा. मी नेमकी तिथेच चुकले होते.

आयनिक लिक्विड म्हणजे मीठच, फक्त कमी तापमानाला पातळ होणारं. खायचं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात; रसायनशास्त्रज्ञ वाल्डेननी १९१४ साली नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट १२ अंशांनाच वितळतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी दोन कुप्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. दोन्हींत धनायन (धन भाराचा कण) तोच, ब्युटिल-मिथिल-इमिडाझोलियम. एकीत ऋणायन ॲसिटेट, दुसरीत हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. लायपेजची पूड दोन्हींत सारखीच. ॲसिटेटमध्ये ती विरघळली, द्रव नितळ झाला, आणि मला वाटलं काम झालं. दुसऱ्या कुपीत काकवीसारख्या दाट द्रवात पूड तशीच तरंगत राहिली. लायपेजकडून मला एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं संयुग) बनवून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते मिळालं गढूळ कुपीत. नितळ कुपीत काहीच नव्हतं.

कारण पुढे कळलं. ॲसिटेट हायड्रोजन बंध ओढून घेतो. याच गुणामुळे त्यात सेल्युलोजसुद्धा (कापसा-लाकडातला धागा) विरघळतं. एन्झाइमची घडी, म्हणजे त्याचा दुमडलेला आकार, अशाच बंधांवर उभी असते, ती उलगडली. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट प्रथिनाच्या फारसं वाटेला जात नाही. घडी आणि तिला चिकटलेलं थोडंसं पाणी दोन्ही शाबूत राहतात. रसायनशास्त्रज्ञ शेल्डन यांच्या नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २००० साली अशाच द्रवांत कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचं लायपेज बी चालवून दाखवलं होतं. विरघळलं की एन्झाइम मेलंच असंही नाही, पण नुसत्या नितळपणावर विसंबू नका.

आता ‘ग्रीन’चं. वाफ जवळजवळ होत नाही, त्यामुळे वास नाही, आगीची भीती कमी. एवढं खरं आहे. पण हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट पाणी आणि उष्णता मिळाली की फुटतं आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, जे काचसुद्धा खातं आणि हाडापर्यंत जातं. लांब शेपटीची (कार्बनच्या साखळीची) इमिडाझोलियमं पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. शिवाय एस्टर वेगळं काढायला मी शेवटी इथिल ॲसिटेटच वापरलं, म्हणजे टाळायला निघालेला सॉल्व्हंट परत आलाच. असा द्रव सिंकमध्ये ओतून त्याला ग्रीन म्हणणं मला मुळीच पटत नाही.

तुम्हाला एन्झाइम नुसतं साठवायचं असेल, तर कोलीन डायहायड्रोजन फॉस्फेट या दुसऱ्या आयनिक लिक्विडमध्ये साधारण २० टक्के पाणी घालून बघा. २००५ पासून सायटोक्रोम सी या प्रथिनावर यात काम झालंय, आणि ते साध्या तापमानाला महिनोन्‌महिने टिकतं. एस्टर बनवायचं असेल तर मात्र पाणी कमीच हवं, नाहीतर लायपेज उलट्या दिशेने चालून एस्टर तोडायला लागेल. ही लिक्विडं हवेतली ओल शोषतात, तेव्हा बाटली उघडली की दरवेळी कार्ल फिशरने (पाण्याचं प्रमाण मोजायच्या चाचणीने) पाणी मोजा, आणि तुलनेसाठी एन्झाइम न घातलेली एक कुपी नेहमी सोबत लावा.