कडक भाकरीचे चार तुकडे

प्रश्न : मी सोलापुरात सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकांवर २५ मिनिटांचा व्हिडिओ केला, अख्खा रविवार गेला. सोमवारी विचारलं, तर निम्म्या मुलांनी दोन-तीन मिनिटंच पाहिलेला. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, हे किती लागतं ते मला ठाऊक आहे. माझा पहिला व्हिडिओ ३२ मिनिटांचा होता. तो मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी, त्याच्याशेजारी बसून पाहिला. भिंतीपलीकडे मागाची खडखड, फोन वडिलांचा, तोही ते कामावरून आल्यावर मिळालेला. चौथ्या मिनिटाला पोराची नजर फोनवरून उठली. तोवर मी त्याला नुसतं ऐकायला लावलं होतं, करायला काहीच दिलं नव्हतं.

म्हणून आहे त्याच व्हिडिओचे तुकडे पाडू नका, धडा नव्याने बांधा. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ विद्यार्थी कसे पाहतात, याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. सहा मिनिटांपुढे बहुतेकांचं लक्ष टिकत नव्हतं, आणि हाताने लिहीत, आकृत्या काढत समजावलेले धडे जास्त धरून ठेवत होते. ते तर मोठे विद्यार्थी. आपली पोरं अकरा वर्षांची.

एका व्हिडिओत एकच गोष्ट घ्या. पहिल्यात फक्त 'समान भाग'. आपल्याकडची कडक भाकरी घ्या आणि कॅमेऱ्यासमोर मोडा. चार तुकडे होतील, पण एकसारखे नाहीत. विचारा, "यातला एक तुकडा म्हणजे पाव भाकरी का?" आणि थांबा. "व्हिडिओ थांबव, वहीत उत्तर लिही," असं स्पष्ट सांगा. मग चादर घ्या. तीनदा निम्मी घडी घालून उलगडली की आठ समान भाग दिसतात. तेवढी घडी मुलांनाही घरी घालू द्या. वर्गात तेलुगू बोलणारी मुलं असतील, तर 'अर्धा' म्हणताना एकदा 'सगम्' म्हणा. घरचा शब्द कानावर पडला की मूल सावरून बसतं, हे मी कितीदा पाहिलंय.

चेहरा सतत दिसायला नको, हात दिसू देत. दोन उंच डब्यांवर पट्टी टाकून, मागचा कॅमेरा खाली बघेल असा फोन आडवा ठेवला की झालं.

आवाजाकडे मात्र नीट लक्ष द्या. चित्र थोडं अंधूक असलं तर मुलं चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही. पंखा बंद करा, फोन जवळ घ्या, समोरच्या आणि मागच्या भिंतीवर जाड चादरी टांगा. सोलापुरात त्यांना काय तोटा!

शेवटी भाकरीच्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत देऊ नका. दुसऱ्या दिवशी वह्या उघडायला लावा आणि तासाची पहिली पाच मिनिटं मुलांनाच भांडू द्या, पाव भाकरी कुठली ते.