डायटेटिक इंटर्नशिपसाठी हॉस्पिटल पैसे मागतंय, भरावे का? आणि अर्ज कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी झाली, आरडी म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन व्हायचंय आणि मुंबईतली हॉस्पिटलं इंटर्नशिपसाठी उलट आपल्याकडूनच पैसे मागतायत, तर काय करायचं. मी हॉस्पिटलमध्येच डायटिशियन आहे, हाताखाली इंटर्न मुली असतात, त्यामुळे जे रोज बघते ते सांगते.

फी घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, खासगीत तर जास्तच. मला ते अजिबात पटत नाही कारण या मुली वॉर्डात खरंखुरं काम करतात, पण इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आरडी परीक्षेसाठी ६ महिन्यांची इंटर्नशिप लागतेच, त्यामुळे ती टाळता येत नाही. म्हणून आधी केईएम, सायन, नायर, जेजे अशा पालिकेच्या आणि सरकारी हॉस्पिटलांत चौकशी करा. तिथे तऱ्हेतऱ्हेचे पेशंट बघायला मिळतात, आणि हातात पैसा नसलेल्या माणसाला डाएट कसं सांगायचं ते तिथेच कळतं. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम कमी द्यायचंय आणि घरात रोज बटाट्याची भाजी, तर बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, हे त्याच्या बायकोला समजेल असं सांगणं किंवा नळीतून द्यायचं फीड त्यांना परवडेल अशा सामानात बसवणं, हे पुस्तक वाचून येत नाही हो.

खासगीत पैसे भरायची वेळ आलीच तर आधी स्पष्ट विचारा: शिकवणारी व्यक्ती स्वतः आरडी आहे का, आयसीयू, नेफ्रो (किडनी), ऑन्को (कॅन्सर), डायबेटिस सगळीकडे आळीपाळीने काम (रोटेशन) मिळेल का, केस स्टडी कोण तपासणार, पैशांची पावती मिळेल का. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने एका ठिकाणी चांगली फी भरली आणि तिला महिनोन्महिने किचनमध्ये ट्रे तपासायला उभं केलं. किचन शिकायलाच हवं, पण तेवढंच असेल तर तिथे जाऊ नका.

फीपेक्षा राहणं-खाणं जास्त महाग पडतं, म्हणून नातेवाइकांकडे सोय होत असेल किंवा गावाजवळच्या शहरात चांगलं मोठं हॉस्पिटल असेल तर मुंबईचा हट्ट नको. एज्युकेशन लोन असेल तर कोर्स संपल्यावर हप्ते नक्की कधी सुरू होतात ते बँकेत आत्ताच विचारून घ्या, बऱ्याचदा काही महिन्यांची सवलत असते.

अर्ज तीन-चार महिने आधी करा. चीफ डायटिशियनच्या नावाने छोटं पत्र, एक पानी सीव्ही, मार्कशीट आणि कॉलेजचं शिफारसपत्र एवढं पुरतं. नुसता मेल टाकून वाट बघत बसू नका, एचआरच्या इनबॉक्समध्ये तो तसाच पडून राहतो, दुपारी ओपीडी उरकल्यावर डाएट डिपार्टमेंटला जाऊन भेटा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर आत्ताच सुरू करा, तिचे तीन डोस साधारण ६ महिन्यांत पुरे होतात. आणि शेवटी सर्टिफिकेट घेताना ते लेटरहेडवर आहे, फुलटाइम असा उल्लेख आहे आणि सुरुवातीची व शेवटची तारीख बरोबर आहे, हे तिथेच उभं राहून वाचून घ्या, नंतर सही करणारी मॅडम नोकरी बदलून गेली की फार वणवण होते.