‘ऊर्जा मिश्रण’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : एखादा देश कोळसा, तेल, वायू, अणू, पाणी, वारा, ऊन यांतून किती किती ऊर्जा घेतो, त्याला ‘एनर्जी मिक्स’ म्हणतात. त्यासाठी ‘ऊर्जा मिश्रण’ बरोबर आहे का? आणि तिचा ‘वापर’ म्हणावा, ‘खप’ की ‘उपभोग’?

‘ऊर्जा मिश्रण’ अगदीच चूक नाही, पण मला खटकते. मिश्रण म्हटले की घटक एकमेकांत मिसळलेले, सहजी वेगळे न काढता येणारे. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल आणि पोलादाच्या भट्टीतला कोळसा यांची तर जन्मात गाठ पडत नाही. ते एकत्र येतात ते तक्त्यात, आणि तिथे आपण वाटे मोजत असतो. म्हणून ‘ऊर्जेतील स्रोतांचा वाटा’ लिहावे. मथळ्यात बसवायचे असेल तर ‘ऊर्जास्रोतांचे प्रमाण’. गंमत म्हणजे विजेच्या बाबतीत ‘मिश्रण’ शोभते. पवनचक्कीची आणि कोळशाची वीज एकदा ग्रिडमध्ये शिरली की कुठली कोणती, हे तारेलाही सांगता यायचे नाही.

खरा घोळ ‘मिश्रणा’पेक्षा ‘ऊर्जे’त आहे. वीज आणि ऊर्जा आपण सर्रास एकमेकींच्या जागी वापरतो. ‘फ्रान्सची सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा अणुभट्ट्यांतून येते’ असे कुणी लिहितो. तिथे ‘वीज’ हवे. तिथल्या मोटारी, मालट्रक, विमाने, घरे तापवायला लागणारा वायू हे सगळे धरले, तर ग्राहकांपर्यंत पोहोचणाऱ्या एकूण ऊर्जेत वीज साधारण पाव हिस्सा भरते. एक शब्द चुकला आणि अख्ख्या देशाचे तेल गायब!

तशीच गल्लत ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ची. १ मेगावॉटचा संच २४ तास पूर्ण ताकदीने चालला तर २४,००० युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेची सौर पॅनेल चांगले ऊन असलेल्या दिवशी ५,००० युनिटांच्या आसपास देतात. तेव्हा ‘सौरचा वाटा ३० टक्के’ एवढेच लिहून भागत नाही. कशातला वाटा, तेही लिहावे लागते.

राहिला ‘खप’. इंधन विकले जाते, त्याला तो चालतो : डिझेलचा खप वाढला. विजेला ‘वापर’च रुळलेला आहे. ‘उपभोग’ मात्र अर्थशास्त्राच्या पुस्तकात राहू द्यावा. सिमेंटच्या कारखान्याने कोळशाचा उपभोग घेतला, असे वाचले की माझ्या डोळ्यांसमोर लोडाला टेकलेला कारखाना येतो.