आयरिश पूर्वज शोधताय? आधी लग्न बघा

जन्माच्या मागे लागण्याआधी लग्नाची नोंद काढा. तिच्यात वधू-वर दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो. कॅथलिक लग्नं सरकारदरबारी १८६४ पासूनच आहेत; इतरांची १८४५ पासून. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, ते टिपून ठेवा. तारखेवर मात्र फार विसंबू नका: उशिरा नोंदवलं की दंड, म्हणून लोक खुशाल जन्मतारीख खऱ्यापेक्षा नंतरची सांगत! आडनावाच्या सुरुवातीचा ‘ओ’ (ओब्रायनमधला) कधी असतो, कधी गायब, दोन्ही शोधा. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर जुन्या नोंदींची मूळ पानं फुकट दिसतात. नुसत्या सूचीवर थांबू नका, पान उघडा. खबर देणाऱ्याने सहीऐवजी फुली मारली असेल, तर स्पेलिंग बहुधा निबंधकाच्या कानाने ठरवलंय.