एकाच लाईनवर गाडी उभी कर

प्रिय पोरी,

तुझा मेल वाचला. दुहेरी लाईनच्या रेल्वे पुलाचं डिझाइन तपासणाऱ्या चेकरने परत पाठवलं, आणि दोन्ही लाईनी भरून तपासल्यावर त्याहून वाईट काय उरतं, हेच तुला कळेना झालंय. उरतं. एकाच लाईनवर गाडी उभी कर.

सॉफ्टवेअर बंद कर, कागद घे. दोन लाईनींमध्ये ५.३ मीटर, म्हणजे प्रत्येक गाडी पुलाच्या मध्यापासून २.६५ मीटरवर. पिअर कॅपवरची, म्हणजे खांबाच्या माथ्यावरची, तुझी दोन बेअरिंगं, ज्यांवर गर्डरचं टोक टेकतं, एकमेकांपासून ४.४ मीटरवर. एका गाडीचा त्या टोकाला येणारा भार १०० धर. दोन्ही गाड्या आल्या की प्रत्येक बेअरिंगवर १००. आता अप लाईन रिकामी ठेव, गाडी फक्त डाउनवर. डाउनकडच्या बेअरिंगवर ११०, आणि पलीकडचं १० ने वर उचलू बघतं. गाडी एक कमी, भार जास्त! काँक्रीटचा बॉक्स गर्डर आपल्या वजनाने ते दाबून धरतो, हलक्या पोलादी गर्डरला तेवढं वजन कुठून येणार? पिअरचंही तेच. दोन गाड्यांचे आडवे मोमेंट, म्हणजे पिअरला बाजूला वाकवू बघणारे जोर, एकमेकांना काटतात, एकीचा पुरता अंगावर येतो.

'असं क्वचितच होईल' असं लिहितेस? अगं, दोन गाड्या नेमक्या एकाच वेळी पुलावर येणं हे क्वचित! ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबील बघ, २०१८ साली सुरू झालेला, ४.९४ किलोमीटरचा, खाली दोन लाईनी, वर रस्ता. तिथेही एकटी गाडी गेली की तिच्या बाजूचा ट्रस, म्हणजे पोलादी सांगाडा, दुसऱ्यापेक्षा जास्त भार ओढतो. एकाच लाईनवर गाडी, हे विसरायचंच नाही.

पिअर कॅप रुंद करा म्हणून मी एकदा अडून बसलो होतो. काँक्रीट वाढलं, बढती लांबली, घरीही बोलणी खाल्ली. हट्टी म्हणाले. असेन. पण म्हणणाऱ्यांपैकी एकानेही एका लाईनचा आकडा मांडून मला खोटं पाडलं नाही. आजही अडून बसेन. खंत एवढीच, की सगळं भांडण तोंडी झालं, फाइलवर एक ओळ नाही. तू नोट लिही, तारीख घाल.

ब्रेकिंगचा भार, वळण, वारा हे सगळं नंतर. आधी एकाच लाईनवर गाडी. बेअरिंगं लांब सरकवायला जागा नसेल तर पिअर कॅपचं ड्रॉइंग पाठव. चारही बेअरिंगांचे आकडे हाताने काढून त्यावर लिहिलेले हवेत, नाहीतर मी ते उघडणारसुद्धा नाही.