परसबागेचा पहिला हंगाम : वाचकांचे प्रश्न

मृग नक्षत्र जवळ आले की परसबागेविषयीच्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळच्या पत्रांत नव्याने बाग सुरू करणारे किंवा गेल्या वर्षी पहिला हंगाम घेऊन निराश झालेले वाचक अधिक आहेत. त्यांच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी खत किंवा औषध कमी पडणे हे कारण नसून पाणी, वेळ आणि प्रकाश यांचा अंदाज चुकणे हे कारण असल्याचे दिसते, म्हणून उत्तरांत त्याच बाबींवर भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या घरामागे सुमारे १० फूट रुंद आणि १५ फूट लांब जागा मोकळी आहे. माती काळी आहे. यंदा प्रथमच भाजीपाला आणि थोडी फुलझाडे लावण्याचा विचार आहे. तयारी केव्हा सुरू करावी आणि पहिल्या वर्षी काय लावावे? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : कुदळ हाती घेण्यापूर्वी त्या जागेवर ऊन किती वेळ राहते हे पाहावे. सकाळी, भर दुपारी आणि चारच्या सुमारास तेथे उभे राहून सावली कोठे पडते याची नोंद करावी, कारण भेंडी, वांगी, मिरची यांसारख्या फळभाज्यांना दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन हवे असते आणि भिंतीच्या किंवा आंब्याच्या सावलीत ही झाडे उंच, किरकोळ होऊन फळे धरत नाहीत. सावलीचा कोपरा वाया जातो असे मात्र नाही. तेथे अळू आणि पुदिना चांगला येतो.

काळी माती पाणी धरून ठेवते, हा तिचा हिवाळ्या-उन्हाळ्यातला मोठा गुण आहे. परंतु पावसाची झड लागली की त्याच गुणामुळे मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि नवशिक्या माणसाला खत कमी पडल्याचा भास होतो. म्हणून आपण सपाट वाफे न करता गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करावेत. वाफ्याची रुंदी सुमारे १ मीटर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. उंची १५ ते २० सेंटिमीटर असावी. दोन वाफ्यांमधील चराला घराच्या पायापासून दूर जाणारा उतार द्यावा.

खणणीचे काम मे महिन्यातच उरकावे. जमीन फूटभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत, त्यामुळे किडींचे कोष बऱ्याच अंशी नष्ट होतात. हरळीच्या काशा (जमिनीखालून पसरणारी खोडे) आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र हाताने वेचून बाहेर काढाव्यात, कारण त्यांचा तुकडा जरी मातीत राहिला तरी पहिल्या पावसानंतर तो पुन्हा फुटतो आणि मग पूर्ण हंगाम खुरपण्यात जातो. त्यानंतर दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो शेणखत मिसळावे. आपली संपूर्ण जागा धरली तरी ३० ते ४० किलो पुरते. शेणखत पूर्ण कुजलेले आहे की नाही हे हातात घेऊनच ठरवावे. ते काळपट व भुसभुशीत असावे आणि त्याला शेणाचा उग्र वास नसावा. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या बागेत येतात आणि त्या रोपांची मुळे खातात.

पेरणीसाठी कॅलेंडरातील तारखेपेक्षा वाफशाकडे, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसण्याच्या स्थितीकडे, लक्ष द्यावे. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर उघडीप मिळाली की वाफ्यातील चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी. बोटांतून पाणी निघाले किंवा माती कणकेसारखी चिकटून राहिली तर थांबावे. गोळा बनला, पण कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर तो जमिनीवर फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला असे समजावे. ओल्या काळ्या मातीत घाईने बी टाकले, तर ते कुजते किंवा वरची माती वाळून तिची पापडी धरते आणि कोंब बाहेर येऊ शकत नाही. पहिल्या वर्षीची अर्धी निराशा या एका घाईतून येते, असे मला ठामपणे वाटते.

काय लावावे, याविषयी माझा आग्रह असा की पहिल्या वर्षी निम्मीच जागा वापरावी. पंधरा-वीस भेंडी, एक ओळ गवार, चार वांगी, चार मिरच्या आणि मांडवावर एक दोडका किंवा कारले एवढे चार माणसांच्या घराला पुष्कळ होते. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी एकेका जागी दोन-दोन टाकावे आणि दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. साधारण दीड महिन्यानंतर तोडा सुरू होतो. पुढे एक दिवसाआड भेंडी तोडलीच पाहिजे, कारण झाडावर जून भेंडी राहिली की नवीन फूल येणे मंदावते. वांगी आणि मिरचीसाठी बी टाकण्याच्या खटाटोपात यंदा पडू नये; विश्वासू रोपवाटिकेतून चार-पाच आठवड्यांची, बुटकी आणि जाड खोडाची रोपे आणावीत. टोमॅटो काळ्या मातीत भर पावसाळ्यात करप्याला (पाने करपवणाऱ्या रोगाला) लवकर बळी पडतो, म्हणून त्याची रोपे पावसाचा जोर ओसरल्यावर लावावीत. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांनाही सप्टेंबरअखेरपर्यंत थांबवावे.

फुलांत झेंडू आणि तेरडा ही दोन निवडावीत. तेरड्याचे बी वाफशावर थेट टाकले तरी उगवते. झेंडूचे पहिले फूल बी टाकल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी उमलते, तेव्हा दसऱ्याला घरची फुले हवी असल्यास सणाच्या तारखेपासून तेवढे दिवस मागे मोजून बी टाकावे. रोपे लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की झाड फांद्या धरते. झेंडू भाज्यांच्या कडेने लावण्याची रीत केवळ शोभेसाठी नाही. मातीतील सूत्रकृमींना (मुळांना उपद्रव देणाऱ्या अतिसूक्ष्म जंतांना) त्याच्या मुळांमुळे आळा बसतो, आणि वांग्याच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा त्रास आपल्याकडे बराच आहे.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात मांडवावर दुधी आणि दोडका लावला होता. वेल भरपूर वाढले, फुलेही पुष्कळ आली, परंतु बोटाएवढी फळे पिवळी पडून गळत राहिली. खत वाढवले, तरी उपयोग झाला नाही. कारण काय असावे? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या वेलांवर फळधारणाच झालेली नसावी. या वेलांना नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि सुरुवातीचे काही दिवस बहुधा नर फुलेच दिसतात. नर फुलाचा देठ लांब व सडपातळ असतो, तर मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढे बाळफळ आधीपासूनच असते. ते बाळफळ दिसले म्हणजे फळ धरले असा समज होतो, पण परागकण न मिळाल्यास ते टोकाकडून पिवळे पडत जाते, सुरकुतते आणि चार-पाच दिवसांत गळते.

दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल ही दोन्ही संध्याकाळी उमलतात, तर कारली, काकडी आणि घोसाळी यांची फुले सकाळी उमलतात. दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा दुधीला फारसा उपयोग होत नाही. त्याचे काम बरेचसे रात्री उडणाऱ्या पतंगांवर अवलंबून असते, आणि कोकणातील पावसात पतंग बाहेर पडत नाहीत, शिवाय परागकण धुऊन जातात. म्हणून हे काम आपण स्वतः करावे. दिवेलागणीच्या वेळी नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळा, भुकटी सुटणारा भाग मादी फुलाच्या मधल्या चिकट, फुगीर भागावर हलकेच फिरवावा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलांचे काम होते. पाऊस सुरू असेल तर त्या फुलावर रात्रीपुरती कागदाची पुडी टोपीसारखी अडकवावी. फळ धरले असल्यास दोन-तीन दिवसांत त्याचा देठ जाड होऊन ते खाली वळू लागते.

खत वाढवल्याने उलट परिणाम झाला असण्याचा संभव आहे. नत्र जास्त झाले की वेल पाने आणि शेंडे वाढवण्यातच गुंततो. दुधीचा मुख्य वेल मांडवावर पोहोचला की त्याचा शेंडा खुडावा, कारण मादी फुले आडफांद्यांवर अधिक येतात.

एक शंका मात्र दूर करून घ्यावी. गळलेले फळ उभे चिरून पाहावे. आत पांढुरक्या अळ्या असतील आणि सालीवर बारीक छिद्र पडून डिंकासारखा थेंब सुकलेला असेल, तर ते काम फळमाशीचे आहे. अशी फळे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. ती बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवावीत किंवा दोन फूट खोल पुरावीत. मांडवाजवळ क्यू-ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) कामगंध सापळा टांगावा आणि धरलेल्या फळांवर कागदी पिशवी चढवावी.

प्रश्न : किराणा दुकानातील धणे पेरले, दहा दिवस झाले तरी एकही उगवला नाही. बी खराब होते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजून चार-पाच दिवस वाट पाहावी. कोथिंबीर उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, थंडीत त्याहूनही अधिक. शिवाय एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा पाट्यावर हलकेच रगडून धणे दुभंगून घ्यावेत, रात्रभर भिजवावेत आणि १ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नयेत.

प्रश्न : भेंडीची पाने शिरांपासून पिवळी होत गेली आणि भेंड्याही पांढुरक्या, राठ आल्या. फवारणी करूनही रोग हटला नाही. (एक वाचक, लातूर)

उत्तर : हा हळद्या रोग आहे. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, त्यामुळे रोगट झाड फवारणीने बरे होत नाही. पहिले पिवळे झाड दिसताच ते उपटून नष्ट करावे, मग ते कितीही जोमदार दिसत असो. हे करताना जीव हळहळतो, पण उरलेली झाडे वाचवण्याचा दुसरा मार्ग नाही. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. निंबोळीच्या गराची ५० ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला अर्क सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असा फवारावा. यंदा बी निवडताना या रोगाचा प्रतिकार करण्यासाठी विकसित केलेले वाण घ्यावे. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ आणि बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘अर्का अनामिका’ ही दोन वाणे त्यांपैकी आहेत. रोग येणारच नाही अशी हमी ती देत नाहीत, तेव्हा पाहणी चालूच ठेवावी.

प्रश्न : फाटकाजवळच्या वाफ्यातील शेवंती हिरवीगार आहे, पण डिसेंबर उजाडला तरी कळी आली नव्हती. त्याच काशांपासून मागच्या अंगणात लावलेली शेवंती मात्र फुलली. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या फाटकाजवळ रस्त्यावरचा किंवा व्हरांड्याचा दिवा रात्रभर जळतो का, ते पाहावे. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्यावरच कळ्या धरते, आणि ती रात्र सलग अंधाराची असावी लागते. फुलांची व्यापारी लागवड करणारे शेतकरी याच स्वभावाचा उपयोग करून घेतात व फुले उशिरा हवी असल्यास रात्री काही तास दिवे लावून ठेवतात. आपल्या वाफ्यात तेच काम नकळत रस्त्यावरचा दिवा करीत असावा. यंदा त्या काशा दिव्याचा उजेड पोहोचणार नाही अशा जागी हलवाव्यात. ते शक्य नसेल, तर सप्टेंबरच्या मध्यापासून कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत रोज सायंकाळी सहाच्या सुमारास झाडांवर चार काठ्यांच्या आधाराने जाड काळे कापड टाकावे आणि सकाळी ते काढावे. कापड पानांना टेकू देऊ नये, कारण ओल्या रात्री टेकलेल्या पानांवर बुरशीचे डाग पडतात. फाटकाजवळच्या मोकळ्या झालेल्या वाफ्यात झेंडू लावावा. त्याला दिव्याचा एवढा अडथळा होत नाही.