इमारत मिळाली, पगार कोण देणार?

प्रश्न : केंद्र सरकारच्या निधीतून स्थानिक संस्थांनी उभारलेली आरोग्य किंवा ज्येष्ठ नागरिक केंद्रे थोड्याच वर्षांत बंद का पडतात?

उत्तर : निधी बहुधा बांधकामापुरता असतो. इमारत एकदाच बांधायची. पगार, वीज, दुरुस्ती मात्र दरवर्षी. करार करतानाच निदान पाच वर्षांचा चालू खर्च मांडा आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोण भरणार ते लिहा. ‘संयुक्त जबाबदारी’ असे मोघम लिहिले, की बिल आल्यावर केंद्र सरकार आणि स्थानिक संस्था दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

दुसरा घोळ अटींचा. निधी एकाच कामाला बांधलेला असला, की गरज पाण्याची असूनही सभागृहच उभे राहते. युरोप परिषद या युरोपीय देशांच्या संघटनेच्या १९८५च्या स्थानिक स्वराज्य सनदेतले नववे कलम नेमके हेच सांगते : अनुदान शक्यतो ठरावीक प्रकल्पाला जखडू नये. हप्ता वर्षअखेरीस आला तर घाईची खरेदी होते, तेव्हा हप्त्यांच्या तारखाही करारात हव्यात. आणि लोकांच्या स्थितीची मोजणी काम सुरू होण्याआधी करा. फक्त नंतर केलेल्या मोजणीतून केंद्रामुळे पडलेला फरक कळत नाही.

प्रश्न : ‘कल्याण’ हा शब्द स्थानिक संस्थांच्या कायद्यात असल्याने काही साधते का?

उत्तर : थोडेसे. न्यूझीलंडने २००२च्या कायद्यात सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय व सांस्कृतिक कल्याण हे स्थानिक संस्थांचे उद्दिष्ट ठरवले, २०१२मध्ये ते काढले, २०१९मध्ये परत आणले. अशा शब्दाने काम करायला आधार मिळतो, तिजोरी भरत नाही.